धरणातून सोडलेलं पाणी आणि समुद्राकडे निघालेली सालमनची पिल्लं

दादरच्या एका स्थापत्य अभियंत्याचा प्रश्न आहे: "धरणातून जास्त पाणी सोडलं की समुद्राकडे जाणारी सालमनची पिल्लं जास्त वाचतात, असं अमेरिकेतल्या अहवालांत वाचलं. हे सरळ प्रमाण आहे का? किती क्युसेक, किती दिवस आणि कधी सोडायचं? आपल्या कुंडलिका, उल्हास यांना यातलं काही लागू पडतं का?"

सरळ प्रमाण नाही. ठरावीक पातळीखाली पिल्लं जवळजवळ सगळी मरतात, एका टप्प्यावर वाचण्याचं प्रमाण एकदम उडी घेतं, आणि त्यापुढे आणखी पाणी ओतून फारसं काही हाती लागत नाही. शिवाय तेवढंच पाणी चुकीच्या तासाला, चुकीच्या दरवाजातून किंवा चुकीच्या तापमानाचं सोडलं तर उलट नुकसान होतं.

आधी एक घोळ मिटवू. मुंबईच्या बाजारात 'इंडियन सालमन' म्हणून जो रावस विकला जातो, त्याचा सालमनशी काही संबंध नाही. तो किनाऱ्यालगतचा, खाड्यांच्या तोंडाशी वावरणारा मासा. सालमनसारखं आयुष्य जगणारा आपला मासा म्हणजे पाला, म्हणजेच भिंग: वाढतो समुद्रात, अंडी घालायला नदीत चढतो. १९७५ मध्ये फराक्का बराज झाला आणि वरच्या गंगेतला पाला कसा ओसरला, हे सर्वांना ठाऊक आहे. जिताड्याचं नेमकं उलट. तो गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला खाऱ्याकडे जातो.

सालमनची मादी शेपटीने गोटे उकरून खळगा करते, त्यात अंडी सोडते आणि वर पुन्हा गोटे लोटते. अंड्यांतून निघालेली पिल्लं काही आठवडे गोट्यांखालीच पिवळ्या बलकावर जगतात. वर येतात तेव्हा जेमतेम साडेतीन-चार सेंटिमीटरची असतात. पुढे काही महिन्यांनी, काही जातींत वर्षाने, त्यांच्या अंगात पालट होतो. कल्ल्यांतला मीठ बाहेर टाकणारा पंप जोर धरतो, अंग चंदेरी होतं आणि प्रवाहाशी झगडणारं पिल्लू प्रवाहाबरोबर वाहू लागतं. याला स्मोल्ट म्हणतात. ही अवस्था कायमची नसते. दिवस लांबत जाण्यावर आणि पाण्याच्या तापमानावर ती बेतलेली असते. वाटेत उशीर झाला आणि पाणी कोमट झालं तर पालट उलटा फिरतो आणि पिल्लू खाऱ्या पाण्याला तयार राहत नाही. म्हणून पाण्याचा पहिला हिशोब प्रवासाला लागणाऱ्या दिवसांचा.

इथे अभियंत्याच्या ओळखीचं सूत्र येतं: वेग म्हणजे विसर्ग भागिले छेदाचं क्षेत्रफळ. अमेरिकेच्या वायव्येला कोलंबिया नदीला मिळणाऱ्या स्नेक नदीवर लोअर ग्रॅनाइट धरण १९७५ मध्ये सुरू झालं. तिथल्या पिल्लांना समुद्र गाठायला एकूण आठ धरणं ओलांडावी लागतात, चार स्नेकवर आणि चार कोलंबियावर. वसंतात लोअर ग्रॅनाइटपाशी ८५ हजार ते १ लाख क्युसेक प्रवाह राखायचं उद्दिष्ट असतं. उदाहरणादाखल समजा, फुगवट्याचा छेद ५०० मीटर रुंद आणि सरासरी २० मीटर खोल, म्हणजे १०,००० चौरस मीटर आहे. १ लाख क्युसेक म्हणजे सुमारे २,८३० घनमीटर प्रति सेकंद. वेग आला सेकंदाला २८ सेंटिमीटर. त्याच पाण्याला धरण नसताना ३०० मीटर रुंद आणि ५ मीटर खोल पात्र मिळालं असतं, तर वेग सेकंदाला दोन मीटरच्या घरात गेला असता. आता ८५ हजारांचे १ लाख केले तरी फुगवट्यातला वेग २४ वरून २८ सेंटिमीटर होतो. केवढं पाणी खर्चलं आणि काय मिळालं! म्हणून तिथे दुसरा उपाय वापरतात: स्थलांतराच्या मोसमात फुगवट्याची पातळी चालवता येईल तितकी खाली ठेवायची. छेद घटतो आणि पाण्याचा एक थेंब जास्त न सोडता वेग वाढतो. पाण्याच्या कोट्यावरून भांडणाऱ्यांना हा उपाय सहसा सुचत नाही.

फुगवटे नसलेल्या लांब पात्रात मात्र विसर्गाचा परिणाम थेट दिसतो. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रॅमेंटो नदीचं उदाहरण सगळ्यांत स्वच्छ आहे. ध्वनिलहरी सोडणारे बारीक टॅग पोटात बसवलेल्या चिनुक जातीच्या स्मोल्टवरचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या टप्प्यात प्रवाह सुमारे ४,२६० क्युसेकच्या खाली असताना शंभरातली तीनच पिल्लं पार झाली. ४,२६० ते १०,७०० च्या दरम्यान १९ च्या आसपास. १०,७०० ते २२,९०० च्या दरम्यान ५१. त्याहून वर आकडा वाढला नाही, ३५ च्या आसपास राहिला. म्हणजे हा चढ उताराचा रस्ता नाही, जिना आहे. प्रवाह ६,००० असताना तो ८,००० केला तर पायरी तीच राहते आणि पाणी वाया गेल्यासारखं होतं. १०,७०० च्या वर नेला तर पायरी बदलते.

त्याची किंमत काढू. ६,००० वरून १०,७०० वर न्यायला ४,७०० क्युसेक जादा लागतील. तीन दिवसांचे होतात १.२ टीएमसी, म्हणजे विहार आणि तुळशी हे दोन्ही तलाव काठोकाठ भरून जेवढं पाणी होतं, जवळपास तेवढं. वर असलेल्या शास्ता धरणाची क्षमता सुमारे १९८ टीएमसी, मुंबईच्या सातही तलावांच्या जवळजवळ चौपट. खर्च मोठा नाही, पण तो एप्रिल-मे महिन्यांत करावा लागतो. नेमक्या त्याच वेळी शेतीची आवर्तनं सुरू होतात आणि तापमानासाठी थंड पाणीही राखून ठेवायचं असतं.

या आकड्यांवर मी एक खूण करून ठेवेन. टॅग पेलायला मासा साधारण आठ सेंटिमीटरचा तरी लागतो, आणि असे मासे बहुतेक हॅचरीतले असतात. चार सेंटिमीटरचं जंगली पिल्लू या अभ्यासात नसतंच. ते कडेकडेने, हळूहळू, पूरमैदानात रेंगाळत जातं. त्याला वेगाइतकीच पसरट, उथळ, किड्यांनी भरलेली जागा हवी असते. म्हणून स्मोल्टसाठी काढलेला उंबरठा सगळ्या पिल्लांना लावू नये. दुसरं म्हणजे, जास्त प्रवाहाचे दिवस बहुधा थंड आणि गढूळही असतात. जास्त पाण्यानं वाचली की गढूळपणानं, हे एका मोसमाच्या आकड्यांवरून सुटं करता येत नाही. त्यासाठी कोरड्या वर्षी मुद्दाम सोडलेला झोत मोजावा लागतो.

आणि इथेच झोताची एक कमतरता दिसते. पावसाच्या पुराचं पाणी गढूळ असतं. बास आणि पाइकमिनो यांसारख्या शिकारी माशांना त्यात दिसत नाही. धरणाच्या तळातून आलेलं पाणी काचेसारखं नितळ असतं. गाळ धरणात बसलेला असतो. विसर्ग तोच, पण पिल्लाचं लपणं गेलं. म्हणून जाणकार चालक झोत एकटा सोडत नाहीत. खालच्या उपनद्यांना पावसाने पूर येणार असेल त्या दिवशी त्यावर धरणाचं पाणी चढवतात. आपल्याकडे पहिल्या पावसात वलगणीचे मासे गढूळ ओढ्यात वर चढतात; ते कॅलेंडर बघून नव्हे, तर पाण्याचा रंग, गारवा आणि चढती पातळी एकत्र आली की निघतात. सालमनची पिल्लं उलट दिशेला जातात, पण त्यांची निघण्याची खूण याच जातीची आहे.

झोताचं वेळापत्रक असं बसवतात. नदीत तरंगता, फिरता शंकूसारखा सापळा लावून रोज पिल्लं मोजतात. आकडा चढू लागला, पिल्लं चंदेरी दिसू लागली आणि पाणी अजून थंड आहे, हे तिन्ही जुळलं की तारीख ठरते. धरणापासून कठीण टप्प्यापर्यंत पाण्याला किती तास लागतात ते आधीच्या विसर्गांवरून काढतात आणि तेवढं मागे जाऊन दरवाजे उघडतात, म्हणजे चढतं पाणी त्या टप्प्यावर संध्याकाळी पोचेल. पिल्लं मुख्यतः रात्री वाहतात. दुपारी पोचलेला चढ शिकाऱ्यांच्या उजेडात फुकट जातो. दोन-तीन दिवस तो स्तर धरतात. या काळात वाटेतला उपसा बंद ठेवला नाही, तर धरणावर दाखवलेले १०,७०० खाली पोचेपर्यंत ९,००० होतात आणि पायरी हुकते. सर्वांत जास्त वेळा इथेच फसगत होते: विसर्ग धरणाच्या नोंदवहीत पूर्ण असतो, नदीत नसतो.

मग उतरता क्रम. पिल्लं चढताना मरत नाहीत, उतरताना मरतात. पाणी झपाट्याने ओसरलं की उथळ गोट्यांच्या पट्ट्यावर किंवा तुटलेल्या डबक्यात अडकतात. पट्ट्यावरची काही मिनिटांत जातात. डबक्यातली दिवसभर टिकतात, पण उन्हाने पाणी तापतं आणि बगळे येतात. धोका कुठे हे आधी नकाशावर काढता येतं: उतार शेकडा पाचाहून कमी, मोठे गोटे आणि मध्ये खळगे असतील त्या जागा. वॉशिंग्टन राज्यात बारीक पिल्लांच्या मोसमात पातळी तासाला एक-दोन इंच, म्हणजे अडीच ते पाच सेंटिमीटर, एवढीच उतरवायला सुचवलेली आहे. हा वेग धरणाच्या पायथ्याशी नाही, धोक्याच्या पट्ट्यावर मोजायचा. हिवाळ्यात पाणी फार थंड असताना पिल्लं दिवसा गोट्यांखाली दडतात आणि रात्री वर येतात, म्हणून तेव्हा पातळी उतरवायची तर रात्री.

कोलंबियावरच्या हॅनफर्ड पट्ट्यात याच्या आधीचा टप्पाही सांभाळतात, आणि ती युक्ती मला फार हुशारीची वाटते. तिथे वर प्रीस्ट रॅपिड्स धरण आहे. विजेची मागणी दिवसा जास्त, म्हणून पाणीही दिवसा जास्त यायचं. पण चिनुक मादी अंडी घालते ती मुख्यतः दिवसा. भरल्या पाण्यात तिने वरच्या अंगाला खळगे केले की रात्री ते उघडे पडत. १९८८ च्या व्हर्निटा बार कराराने शरद ऋतूत हे उलटं केलं: दिवसा पाणी कमी, रात्री जास्त. खळगे पात्रात खालीच होतात, आणि पिल्लं वर येईपर्यंत ते झाकलेले राहतील एवढं किमान पाणी राखलं जातं. अंडी ओलसर गोट्यांत काही काळ पाण्याविना तग धरतात. उबून बाहेर आलेली पिल्लं धरत नाहीत. किमान पाण्याची अट मोडायची वेळ आलीच, तर ती उबण्याआधी मोडलेली बरी.

तापमानाचा हिशोब वेगळाच चालतो. हिवाळ्यात नदीत चढणारा हिवाळी चिनुक भर उन्हाळ्यात अंडी घालतो, आणि त्याचे मूळचे थंड झरे धरणामागे गेल्याने ती त्याला शास्ताच्या खालीच घालावी लागतात. त्याला थंड पाणी पुरवायला १९९७ मध्ये धरणाच्या तोंडावर वेगवेगळ्या उंचीचे दरवाजे असलेली पोलादी रचना बसवली. त्यामुळे वीजनिर्मिती न थांबवता हव्या त्या थरातलं पाणी घेता येतं. मर्यादा १३.३ अंश सेल्सिअस धरलेली होती. २०१४ आणि २०१५ च्या दुष्काळात थंड थर मोसम संपायच्या आत संपला आणि अंड्यांतून शंभरी पाचच्या आसपास पिल्लं निघाली. पुढे २०१७ मध्ये कारण नीट उलगडलं. प्रयोगशाळेत अंडी जे तापमान सहन करतात, त्याहून सुमारे तीन अंश कमी तापमानाला ती नदीत मरू लागतात. गरम अंड्याला प्राणवायू जास्त लागतो, तो त्याच्याभोवतीच्या हलत्या पाण्यातून मिळतो, आणि गोट्यांखाली पाणी प्रयोगशाळेपेक्षा संथ असतं. म्हणून सुरक्षित मर्यादा १२ अंशांच्या आसपास आली. वसंतात पिल्लांसाठी झोत सोडायचा की ते पाणी उन्हाळ्यातल्या अंड्यांसाठी राखायचं, हा शास्ताच्या चालकापुढचा खरा पेच आहे, आणि त्याला दर वर्षी एकच उत्तर नसतं.

थंड पाण्याचाही अतिरेक होतो. आयडाहोतल्या ड्वोरशॅक धरणातून जुलै-ऑगस्टमध्ये थंड पाणी सोडून लोअर ग्रॅनाइटखालचं तापमान २० अंशांच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. स्नेकला त्याचा फायदा होतो. पण ज्या क्लिअरवॉटरमधून ते पाणी वाहतं, तिथली पिल्लं गारठ्याने सावकाश वाढतात, त्यातली बरीच त्या वर्षी समुद्र गाठत नाहीत आणि फुगवट्यांतच हिवाळा काढतात.

आता दरवाजा. धरणापाशी पिल्लू तीन वाटांनी जातं: टर्बाइन, जाळी लावलेला वळणमार्ग आणि सांडवा. टर्बाइनमध्ये पात्यांचा मार बसतोच, पण जास्त घातक असतो दाबाचा फरक. खोलातून आलेल्या पिल्लावरचा दाब पात्यांच्या मागे सेकंदाच्या आत कोसळतो आणि पोटातली हवेची पिशवी फुगून फुटते. सालमनला तोंडातून हवा सोडता येते, पण इतक्या झटपट नाही. म्हणून मोसमात कॅप्लान टर्बाइन सर्वोच्च कार्यक्षमतेच्या एक टक्का आत-बाहेरच चालवायचा नियम आहे. त्या बिंदूपाशी पाण्याची घुसळण सर्वांत कमी असते.

सांडवा सर्वांत सुरक्षित, पण त्याचे दोन अडथळे. पिल्लं वरच्या थरात पोहतात आणि सांडव्याचा नेहमीचा दरवाजा खाली, सुमारे पंधरा मीटर खोलीवर उघडतो. पिल्लं बुडी मारायला कचरतात आणि धरणाशी तासन्‌तास घिरट्या घालतात. २००१ मध्ये लोअर ग्रॅनाइटवर वरच्या थराचं पाणी घेणारी काढता येणारी भिंत बसवली आणि कमी पाण्यात जास्त पिल्लं पार होऊ लागली. दुसरा अडथळा वायूचा. उंचावरून पडणारं पाणी हवा घेऊन खोल जातं, तिथल्या दाबाखाली ती विरघळते, आणि पाण्यात हवेच्या प्रमाणाहून जास्त वायू साठतो. माशाच्या रक्तात बुडबुडे होतात. मर्यादा ११० टक्के होती. २०२० पासून वसंतात १२५ टक्क्यांपर्यंत सूट दिली गेली. खोलीच्या दर मीटरमागे सुमारे १० टक्क्यांची भरपाई होते, म्हणून १२० टक्के वायूच्या पाण्यात दोन मीटर खाली असलेला मासा सुखरूप असतो. सांडव्याच्या पायाशी काँक्रीटचा ओठ बसवला की पाणी खोल न बुडता आडवं घसरतं आणि वायू कमी साठतो.

कोणते दरवाजे उघडायचे हेही पाहावं लागतं. कोलंबियावरच्या द डॅल्स धरणावर जादा दरवाजे उघडले की पिल्लं शिकारी माशांनी भरलेल्या उथळ खडकांकडे ढकलली जात. तिथे २०१० मध्ये सांडव्याखाली भिंत बांधून त्यांना खोल धारेत ठेवलं.

धरणं टाळून पिल्लं बार्जमध्ये भरून बॉनव्हिलच्या, म्हणजे कोलंबियावरच्या सर्वांत शेवटच्या धरणाच्या, खाली सोडण्याची पद्धतही आहे. बार्जमध्ये फार थोडी मरतात. पण परतताना यातले काही मासे वाट चुकून भलत्याच नदीत चढतात आणि मोसमाच्या सुरुवातीला नेलेल्यांचं परतीचं प्रमाण कमी निघतं. मला हा उपाय कोरड्या, गरम वर्षापुरताच पटतो.

खाडीच्या तोंडाशी हिशोब आणखी बदलतो, आणि हा भाग वसई-ठाण्याच्या खाड्या पाहिलेल्याला लगेच कळेल. सॅक्रॅमेंटोच्या त्रिभुज प्रदेशात मुख्य धारेतून जॉर्जियाना स्लू नावाचा फाटा निघतो. नदीला जोर नसेल तेव्हा भरतीचं पाणी धारेला उलटं फिरवतं आणि पिल्लं त्या फाट्यात ओढली जातात. आतल्या चक्रव्यूहात ती फार कमी वाचतात. नदीचा विसर्ग भरतीला उलटवू देणार नाही एवढा असला की फाट्यात जाणाऱ्यांचं प्रमाण घटतं. जवळच्या डेल्टा क्रॉस चॅनल या कालव्याचे दरवाजे म्हणूनच १ फेब्रुवारी ते २० मे बंद ठेवतात. झोताची तारीख ठरवताना उधाण आणि भांग, म्हणजे मोठ्या आणि लहान भरतीचे दिवस, बघावेत ते याच कारणाने.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. कुंडलिकेत सालमन नाही, तेव्हा क्युसेकचा एकही आकडा इथे उचलून आणू नका. पाण्याचं वागणं मात्र तेच आहे. कोलाडचं राफ्टिंग ज्या सकाळच्या पाण्यावर चालतं ते मुळशीहून भिऱ्याच्या वीजगृहातून आलेलं अवजल. विजेच्या मागणीप्रमाणे ते चढतं आणि उतरतं. उल्हासला भिवपुरीचं, पाताळगंगेला खोपोलीचं अवजल मिळतं. पावसाळा नसतानाही या नद्या वाहत्या दिसतात त्या त्यामुळे, आणि महिन्याच्या सरासरीत तर अगदी ठणठणीत दिसतात. दिवसाच्या सरासरीतही चढउतार लपतो: बारा तास २० आणि बारा तास शून्य घनमीटर असलं तरी कागदावर १० येतात.

म्हणून सुरुवात करायची तर पंधरा मिनिटांनी पातळी टिपणारा दाबमापक पात्रात दोन ठिकाणी बसवा, एक वीजगृहाच्या खाली पहिल्या उथळ रेतीच्या पट्ट्यावर आणि एक दहा-बारा किलोमीटर खाली. दोन्हींवर तापमानही टिपा. महिनाभराची नोंद झाली की तासाला किती सेंटिमीटर उतार होतो ते काढा, आणि सर्वांत वेगाने उतरणाऱ्या दिवशी पहाटे त्या पट्ट्यावर जाऊन डबकी मोजा. डबक्यात कुठली पिल्लं सापडतात ते तिथल्या मासे धरणाऱ्यांना दाखवून विचारा. स्थानिक नाव, मोसम आणि ती कुठून आली, हे त्यांना प्रयोगशाळेच्या आधी सांगता येतं.